टाटा हॉस्पिटलमधल्या लहान मुलांसाठी मदत करायची आहे, नेमकं काय द्यावं?

नाशिककर_७७:
नमस्कार मंडळी, पुढच्या महिन्यात आईचं वर्षश्राद्ध आहे, आम्ही भावंडांनी ठरवलंय की जेवणावळ न घालता ते पैसे परळच्या टाटामध्ये कॅन्सरचे उपचार घेणाऱ्या पोरांसाठी द्यायचे, आईला लहान मुलांचा फार लळा होता. ताई म्हणते खेळणी, फळं, खाऊ घेऊन जाऊ आणि मुलांच्या हातात देऊ, दादा म्हणतो सरळ चेक द्या. कुणाला अनुभव असेल तर सांगा प्लीज.

कराडची_आई:
दादा, आधी आईंना नमस्कार. माझ्या मुलाला ब्लड कॅन्सर होता, त्यातला एएलएल नावाचा प्रकार, आता बरा आहे, शाळेत जातो. खाऊ आणि टेडी नका नेऊ. केमो चालू असताना जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी इतक्या खाली जातात की बाहेरचं खाणं, चिरलेली फळं, केसाळ खेळणी सगळं बंद असतं, आणि मग पोरगं समोरचा लाडू बघून रडतं तेव्हा आईबापाचं काय होतं ते विचारू नका.
आम्हाला सगळ्यात जड गेलं ते राहणं. ही ट्रीटमेंट दोन-अडीच वर्षं चालते आणि सुरुवातीचे कित्येक महिने मुंबई सोडताच येत नाही. औषधांना महात्मा फुले योजना, हॉस्पिटलचा समाजसेवा विभाग असा आधार मिळाला, पण खोलीचं भाडं, टॅक्सी, मिस्टरांची बुडालेली मजुरी कुठल्या योजनेत बसवणार? याच पायी लोक उपचार अर्धवट सोडून गावी जातात, बरं होणारं मूल हातचं जातं. आम्हाला नंतर सेंट ज्यूडच्या सेंटरमध्ये जागा मिळाली, एका कुटुंबाला एक खोली, रेशन तेच देतात, स्वयंपाक आपला आपण करायचा, हॉस्पिटलला जायला गाडी, सगळं फुकट. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, परळची नाना पालकर स्मृती समिती, इथेही पेशंटची सोय होते. पैसे राहण्या-जेवणासाठी द्या एवढंच माझं म्हणणं.

रक्तपेढीवाला:
ताईंशी सहमत. पैशाइतकीच गरज प्लेटलेट्सची, म्हणजे रक्तस्राव थांबवणाऱ्या रक्तातल्या पेशींची असते. केमोत त्या एकदम घसरतात आणि साठवून ठेवायच्या म्हटलं तर पाचच दिवस टिकतात, म्हणून डोनर सतत लागतात, मे महिन्यात आणि दिवाळीत तर फारच ओढाताण होते. मशीनवर तास-दीड तास बसावं लागतं, रक्त तुमचं तुम्हाला परत जातं, फक्त प्लेटलेट्स काढून घेतात. आधी तीन दिवस अ‍ॅस्पिरिन घेतलेली नको. फोन करून वेळ ठरवून जा.

पुणे_३०:
मला वाटतं मुलांना कुणी भेटायलाच जाऊ नये असंही नको, फक्त एक दिवसाची भेट नको. टाटाच्याच बालविभागाचं इम्पॅक्ट फाउंडेशन आहे, तिथे विचारा, उपचार, पोषण, शिक्षण सगळं बघतात.
आणि पुढे कधी बालगृहात जाणार असाल तर केक कापताना मुलांचे फोटो स्टेटसला टाकू नका, बाल न्याय कायद्याच्या कलम 74 मध्ये अशा मुलांची ओळख उघड करायला मनाई आहे. आमच्या इथल्या एका संस्थेत मी गणित शिकवायला जाते, तिथली मोठी मुलं पाहुणे आले की आत जाऊन बसतात, रोज कोण आपल्याला गरीब बिचारं म्हणून बघेल हो.

नाशिककर_७७:
सगळ्यांचे मनापासून आभार. ताईला हे सगळं वाचून दाखवलं, ती लगेच खेळण्यांचा विचार सोडून तयार झाली. पैसे राहण्याच्या सोयीसाठी देतोय. मी आणि दादा प्लेटलेट्स द्यायला जाणार, ताईलाही यायचंय पण तिचं वजन 48 आहे, चालेल का?

रक्तपेढीवाला:
प्लेटलेट्ससाठी 50 लागतंच. पण साधं रक्त 45 पासून देता येतं, हिमोग्लोबिन साडेबाराच्या वर असलं की झालं. त्यांना घेऊन या, रक्तही या मुलांना लागतंच. येताना पोटभर जेवून या.