शब्दचर्चा : ‘डेप्थ ऑफ फील्ड’ला ‘खोली’ म्हणावं का?

प्रश्न : छायाचित्रणावर मराठीत लिहितो आहे. ‘डेप्थ ऑफ फील्ड’साठी (फोटोत पुढे-मागे किती अंतरापर्यंतचं रेखीव येतं त्यासाठी) ‘क्षेत्रखोली’ वापरला. पण ‘मोठ्या सेन्सरनं (कॅमेऱ्यातल्या चित्र टिपणाऱ्या भागानं) क्षेत्रखोली कमी होते’ असं लिहिलं की वाचणारे हमखास विचारतात, ‘कमी कशी? मोठ्या कॅमेऱ्याच्या फोटोला तर जास्त खोली दिसते!’ दुसरा शब्द सुचवा. आणि मागचं ‘ब्लर’ होतं त्याला काय म्हणावं : धूसर, अंधुक, पुसट?

उत्तर १ : वाचणाऱ्यांचं बरोबर आहे, शब्दच घोटाळा करतोय. ‘चित्राला खोली आहे’ म्हणजे आपल्याकडे जवळचं-लांबचं वेगळं उठून दिसतं. मागचं ब्लर झालं की ही खोली वाढते आणि नेमकी तेव्हाच ‘क्षेत्रखोली’ घटलेली असते. त्यावर कुणी इंग्रजी ‘शॅलो’चं ‘उथळ’ लिहिलं तर फोटोला नावं ठेवल्यासारखंच होतं.

मी ‘स्पष्टतेचा पट्टा’ म्हणते. कॅमेऱ्यासमोर जिथपासून जिथपर्यंत सगळं रेखीव दिसतं, तेवढा पट्टा. तो अरुंद किंवा रुंद असतो, डोळ्यांपुढे लगेच येतो.

आकडे घालून बघा. फुल फ्रेम, म्हणजे जुन्या ३५ मिमी फिल्मच्या मापाचा सेन्सर : ३६ × २४ मिमी. ५० मिमी नाभीय अंतराची (फोकल लेंग्थची) लेन्स, एफ १.८ (नाभीय अंतर भागिले लेन्सच्या छिद्राचा व्यास), आजी २ मीटरवर अंगणात बसलेली. पट्टा साधारण १७ सेंमी : चष्म्यापासून कानातल्या कुड्यांपर्यंत सगळं स्वच्छ, मागचं तुळशीवृंदावन विरघळलेलं. मायक्रो फोर थर्ड्स या छोट्या कॅमेऱ्यांचा सेन्सर १७.३ × १३ मिमी. त्यावर जवळपास तीच चौकट मिळवायला २५ मिमीची लेन्स लागते, आणि एफ १.८च ठेवलं तरी पट्टा ३५ सेंमीच्या आसपास जातो. एफचा आकडा तोच, पण छिद्राचा व्यास २८ मिमीवरून १४ वर आला ना! मागचं विरघळवतं ते हे छिद्र. मोबाइलच्या मुख्य लेन्सचं खरं नाभीय अंतर बहुधा ६-७ मिमी, म्हणजे छिद्र ४ मिमीच्या आत-बाहेर. म्हणून तिथे पोर्ट्रेट मोडचं सॉफ्टवेअर मागचं पुसतं, आणि केसांच्या सुट्या बटाही त्यात जातात.

उत्तर २ : पट्टा आवडला. पण ‘सेन्सर लहान म्हणून पट्टा रुंद’ एवढंच लिहू नका. तीच ५० मिमीची लेन्स एपीएस-सी (फुल फ्रेमहून लहान सेन्सरच्या) कॅमेऱ्याला लावून २ मीटरवरच थांबलात, तर पट्टा उलट १२ सेंमीपर्यंत आकसतो, कारण लहान सेन्सरवरचं चित्र तेवढ्याच आकाराचं बघायला जास्त मोठं करावं लागतं. फक्त चौकटीत आजींभोवतीचं अंगण उरत नाही. ते हवं तर ३ मीटरवर मागे सरकायचं, मग पट्टा २६ सेंमी. लेखात ‘तीच चौकट धरली तर’ हे चार शब्द घालाच.

उत्तर १ : खरंय, ते सुटलं माझ्याकडून. आता ब्लरचं. ‘धूसर’मध्ये धुळीचा करडेपणा आहे, ‘अंधुक’मध्ये उजेडाची कमतरता, आणि ‘पुसट’ अक्षरं फिकी असतात. मागची जास्वंद मात्र लालभडकच राहते, जातात फक्त तिच्या कडा. म्हणून मी ‘विरघळलेली पार्श्वभूमी’ लिहिते. ‘बोके’ हा जपानी शब्द तसाच ठेवा. किती विरघळलं यापेक्षा कसं विरघळलं, गोल ठिपके मऊ आले की कडांना टोचरे, हे तो सांगतो, आणि त्याला आपल्याकडे अजून तोड नाही.