हेडफोनला नवी पिन सोल्डर करण्यासाठी मदत हवी आहे

माझ्या हेडफोनचा उजव्या बाजूचा आवाज अधूनमधून जातो आणि ३.५ मिमी पिनजवळ वायर एका ठरावीक कोनात वाकवून धरली की परत येतो. दुसऱ्या फोनलाही हेच घडत असल्याने दोष सॉकेटचा नसून वायर पिनजवळच आतून तुटली असावी. पिन साच्यात ओतलेली, न उघडणारी आहे. त्यामुळे तेवढा भाग कापून चार संपर्कांची नवी पिन बसवण्याचा विचार आहे.

खरी अडचण आतल्या तारांची आहे. केसासारख्या बारीक, धाग्याभोवती गुंडाळलेल्या या तारांवर लाखेसारखा रंगीत थर असतो आणि तो काढल्याशिवाय सोल्डर धरत नाही. हा थर सँडपेपरने खरवडावा, की सोल्डरचा तापलेला थेंब लावून जाळावा? सँडपेपरने तार तुटण्याचीच भीती अधिक वाटते.

पिनचे टोक डावीकडच्या आवाजाचे आणि त्यामागचे पहिले कडे (रिंग) उजवीकडच्या आवाजाचे, एवढे मला ठाऊक आहे. परंतु पुढच्या दोन संपर्कांत ग्राउंड (सगळ्यांची सामाईक परतीची जोडणी) आणि माइक यांची अदलाबदल काही उपकरणांत असते, शिवाय तारांचे रंगही सर्वत्र सारखे नसतात. मल्टिमीटरने माइकची तार खात्रीने कशी ओळखावी?