इसार पावतीवरून 420 : एफआयआर खंडपीठात रद्द होते का?

बांधावरचा
परभणी जिल्ह्यातलं प्रकरण. फेब्रुवारी 2023 ला दोन एकरांची इसार पावती, इसार पाच लाख, खरेदीखत सहा महिन्यांत. मधेच भावकीतून वाटणीचा दावा आला, खरेदीखत अडलं. घेणाऱ्याने आता 420 (फसवणूक), 406 (विश्वासघात) लावलंय. चार्जशीट नाही. एफआयआर रद्द करायला हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठात जावं की डिस्चार्जची (खटल्याआधीच आरोपातून सुटका) वाट बघावी?

तालुका_बार
दावा इसाराच्या आधीचा की नंतरचा? सगळं त्यावर आहे. 420 ला फसवायचा हेतू पैसे घेतानाच असावा लागतो. नंतर खरेदीखत अडलं तर तो करारभंग, त्याला दिवाणी कोर्ट आहे. एफआयआर कधी रद्द होते हे सांगणाऱ्या सुप्रीम कोर्टाच्या 1990 च्या भजनलाल निकालातला पहिलाच निकष इथं लागतो : एफआयआर जशीच्या तशी खरी धरली तरी गुन्हा बनत नाही. 406 तर त्याहून लंगडं. इसार म्हणजे किमतीचा भाग, सांभाळायला दिलेली रक्कम नव्हे.

पण दावा आधीपासून चालू असून पावतीत ‘जमीन निर्वेध आहे, कसलाही वाद नाही’ असं लिहून दिलं असेल, तर अवघड आहे. ती ओळ आधी वाचा.

जुना_दप्तरी
व्यवहार 2023 चा म्हणून कलमं भादंविची (जुनी दंडसंहिता), अर्ज मात्र सीआरपीसीच्या जागी आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या 528 खाली. सवयीने जुन्या सीआरपीसीचं 482 टाकू नका. नव्या संहितेत 482 म्हणजे अटकपूर्व जामीन! तो सत्र न्यायालयात वेगळा मागा, कारण सुप्रीम कोर्टाच्या 2021 च्या निहारिका निकालानंतर तपास चालू असताना ‘सक्तीची कारवाई नको’ हा आदेश सहजासहजी मिळत नाही.

एफआयआर, पावती, दाखल तारखेसह दाव्याची प्रमाणित नक्कल आणि त्या वेळचा सातबारा लावा. ‘इतर हक्क’मधला सोसायटीचा बोजा पावतीत आलाय का? नसेल तर सरकारी वकील तिथंच बोट ठेवणार. साक्षीदारांच्या प्रतिज्ञापत्रांचा गठ्ठा नको. तो बचाव झाला, तो खटल्यात तपासतात.

बांधावरचा
दावा जून 2023 चा. बोजा पावतीत आहे. अर्ज चालू असताना चार्जशीट आली तर?

तालुका_बार
मग बाजू बरी आहे. चार्जशीट आली म्हणून अर्ज निकाली निघत नाही; दुरुस्ती मागून तिलाही आव्हान द्या. डिस्चार्जवर विसंबायचं तर चार्जशीटच्या नकला मिळाल्यापासून 60 दिवसांत अर्ज लागतो, हे विसरू नका. आणि इसार परत देऊन मिटत असेल तर 420, 406 दोन्ही खालच्या कोर्टाच्या परवानगीने तिथंच मिटतात, त्यासाठी खंडपीठाची पायरी चढायला नको.