खुलताबादला थांबा!
वेरूळ, घृष्णेश्वर आणि दौलताबाद झालं की परत फिरावं, असं सहलीच्या एका बेतात सुचवलेलं वाचलं. अहो, वेरूळच्या घाटावर अवघ्या ४-५ किलोमीटरवर खुलताबाद आहे, ते का वगळता? औरंगजेबाची कबर बघाच. उघडी माती आणि तिच्यावर उगवलेला सब्जा, बस. संगमरवरी जाळी नंतरची, हैदराबादच्या निजामाच्या काळातली. पण मला विचाराल तर खरं ओढ लावणारं ठिकाण मलिक अंबरचं. हबशी गुलाम म्हणून आलेला हा माणूस अहमदनगरच्या निजामशाहीचा वजीर झाला, त्यानेच खडकी म्हणजे पुढचं औरंगाबाद वसवलं. १६२६ मध्ये तो गेला. त्याच्या घुमटाकडे फारसं कुणी फिरकत नाही, याचं फार वाईट वाटतं. इथल्याच भद्रा मारुतीचं दर्शन सकाळीच घ्या, शनिवारी रांग मोठी असते.