अनुभव धागा: पोरांच्या फुटबॉल मॅचला दोरीपलीकडून येणाऱ्या शिव्या

गोदाकाठचा

परवा नाशकात गंगापूर रोडवर एका मैदानातून "अरे आंधळ्या, शिट्टी गिळलीस का" असा आवाज आला आणि शिवाजी स्टेडियमवरच्या जुन्या शालेय सामन्यांचा सगळा कालवा आठवला. फरक एवढाच की आता ओरडणारी कॉलेजची पोरं नसतात, दहा वर्षांच्या पोरांचे आईबाप असतात. गाडी रेफ्रीवरून आईबहिणीवर येते तेव्हा शेजारी धाकटी बहीण चिक्की खात उभी असते.

इथे रेफ्री, कोच, टर्फवाले, स्पर्धा भरवणारे बरेच आहेत. काय चालतं, काय फसतं ते लिहा. संस्कारांवर भाषण नको, कामाचं सांगा.

मी दोरीपासून सुरू करतो. मैदान १०० मीटर लांब धरा. दोन्हीकडचे १६.५ मीटरचे पेनल्टी बॉक्स सोडले की मधे ६७ मीटर उरतात. प्रेक्षक तेवढ्यातच. टचलाइनपासून (मैदानाच्या लांब बाजूच्या रेषेपासून) २ मीटर मागे फक्कीची दुसरी रेघ मारायची आणि तिच्यावर दोरी. दर ५ मीटरला एक असे १५ बांबू लागतात. दोरी ७५ मीटर आणा, गाठींत बरीच जाते. गोलमागे कुणालाही उभं करायचं नाही, कारण गोलकीपर पोरगं एकटं असतं आणि मागचा माणूस त्याच्या कानाशीच बोलतो.

कोच आणि राखीव खेळाडू एका बाजूला, दोन्ही संघांचे पालक समोरच्या बाजूला. इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने २००८ मध्ये 'रिस्पेक्ट' मोहीम काढली तेव्हापासून तिकडे पोरांच्या सामन्यांना हीच मांडणी सांगतात. निम्म्या शिव्या इथेच कमी होतात, कारण माणूस रेषेवर उभा असला की त्याला आपण खेळतोय असं वाटायला लागतं.

कोपरा किक

१५ बांबू आणायचे कुठून भाऊ?

गोदाकाठचा

मांडववाल्याकडून. भाड्याने मिळतात, टेम्पोत टाकून आणून देतो.

लाल माती

उन्हाळ्यात आपल्याकडची जमीन इतकी टणक होते की बांबू आत जातच नाही. पहारीने खड्डे करत बसलात तर सकाळ गेली. रंगाचे २० लिटरचे रिकामे डबे घ्या, बांबू मधे धरून वाळू भरा. सळई अजिबात वापरू नका, पोरगं घसरत आलं की पोटात जाईल. दोरीला दर मीटरला लाल कापडाची पट्टी बांधा, नाहीतर बॉलमागे धावणाऱ्याला दोरी दिसत नाही आणि गळ्याशी येते. आणि फक्की म्हणून कळीचा चुना टाकणारे महाभाग आहेत. डोळ्यात गेला तर डोळा जातो. खडूची पावडर घ्या.

अजून एक, सावली बघा. दोरी पश्चिमेला आणि झाडं पूर्वेला असली तर अकरा वाजता तुमच्या दोरीपाशी चिटपाखरू नसतं. सगळे झाडाखाली, म्हणजे कोचच्या मागे.

शिट्टीवाला

प्रेक्षकाला कार्ड दाखवता येत नाही, हे आधी डोक्यात घ्या. दर सामन्याला कुणीतरी "त्याला रेड द्या" म्हणत येतं. कार्ड फक्त खेळाडू, राखीव, बदललेला खेळाडू आणि २०१९ पासून बाकावरचे कोच-मॅनेजर यांना. बाकावरून शिवी आली आणि कुणी दिली ते कळलं नाही, तर तिथे हजर असलेल्या सगळ्यांत वरिष्ठ कोचच्या नावावर कार्ड. म्हणून शहाणा कोच आपल्या बाकावर पालकाला बसूच देत नाही.

पालक शिव्या देत असेल तर खेळ थांबायची वाट बघायची. थ्रो, गोलकिक, काहीही. त्या संघाच्या कोचला बोलवायचं आणि नेमकं सांगायचं, "निळा टी-शर्ट, तिसऱ्या बांबूपाशी." स्वतः दोरीकडे जायचं नाही. रेफ्री गेला की चार मोबाइल बाहेर येतात आणि शिवी देणारा हिरो होतो. कोचचं ऐकलं नाही तर आयोजक. आयोजकाचंही नाही तर खेळ थांबवायचा, दोन्ही संघ बाकाकडे. तरीही चालूच राहिलं तर सामना रद्द करण्याचा अधिकार फुटबॉलच्या नियमावलीतला नियम ५ देतो. ती वेळ क्वचित येते. पोरं पाणी पीत बाजूला उभी राहिली की बाकीचे पालकच त्या माणसाकडे बघायला लागतात.

रिपोर्टमध्ये शिवी जशीच्या तशी लिहा. "अपशब्द वापरले" एवढ्यावर समिती काहीच करू शकत नाही. लिहायला लाज वाटते म्हणून अर्धे रिपोर्ट वाया जातात.

चहा दोन कटिंग

म्हणजे समितीतल्या काकांनी चष्मा लावून ते मोठ्याने वाचायचं 😂

शिट्टीवाला

वाचतात. आणि मग अर्थ विचारतात.

डावखुरा

पोरांच्या तोंडच्या शिव्यांचं काय? त्या कुठून येतात ते सांगायला नको.

शिट्टीवाला

दोन गोष्टी वेगळ्या धरा. "काय रेफ्री, दिसत नाही का" ही नापसंती, त्याला यलो. माणसाला उद्देशून आईबहिणीवरून आलं तर नियम १२ प्रमाणे थेट रेड, आणि संघ उरलेला वेळ एकाने कमी. गोल चुकवून स्वतःवरच चिडून तोंडातून काही निघालं तर रेफ्री तारतम्य वापरतो, बहुतेक वेळा जवळून जाताना हळू आवाजात ताकीद. लहान गटात आयोजकांनी स्पर्धेच्या नियमातच लिहून ठेवावं की कोचने पोराला बाहेर घ्यावं आणि बदली पाठवावा. सात जणांच्या खेळात एक कमी झाला की सामना संपलाच, आणि शिक्षा बाकीच्या सहा पोरांना होते.

इंग्लंडमध्ये २०१९-२० च्या मोसमापासून तळाच्या स्तरावर नापसंतीच्या यलोबरोबर १० मिनिटं बाहेर बसवतात. आधीच्या चाचण्यांत हुज्जत ३८ टक्क्यांनी कमी झाली होती. इथे राष्ट्रीय संघटनेच्या परवानगीशिवाय मनानेच सुरू करू नका, मग त्यावरूनच भांडण होतं.

टर्फवाली ताई

दोरी ठीक आहे पण दोरीपाशी माणूस कोण? प्रत्येक संघाने आपलाच एक पालक नेमायचा, अंगात भगवं किंवा पोपटी जॅकेट. समोरच्या संघाचा माणूस समजवायला गेला की मारामारी ठरलेली.

समजवायची पण पद्धत असते. समोर उभं राहायचं नाही. बाजूला, खांद्याला खांदा, नजर मैदानावर. त्याच्या पोराचं नाव घ्यायचं, "आर्यन आज चांगला धावतोय ना." मग काम द्यायचं: बाहेर गेलेला बॉल आणून द्या, पाण्याच्या बाटल्या भरा, बदली खेळाडू लिहून घ्या. हात गुंतले की तोंड बंद होतं. हे पहिल्या १० मिनिटांत. हाफटाइमनंतर जाऊन उपयोग नाही, तोवर बाजूचे तिघे त्याच सुरात असतात. दुसऱ्यांदा झालं तर गेटबाहेर चहाला न्यायचं. त्याच्या पोरासमोर झापायचं नाही, कधीच नाही. पोरगं पुढची दहा मिनिटं बॉल सोडून बापाकडेच बघत राहतं.

टर्फवर जाळी असते म्हणून लोकांना वाटतं दोरी नको. उलट आहे. जाळीला नाक लावून उभे राहतात. आतल्या पोरापासून हातभर अंतर, आणि जाळी हलवतात. जाळीपासून दीड मीटरवर प्लास्टिकच्या खुर्च्या ओळीने मांडा. बसलेला माणूस उभ्यापेक्षा कमी ओरडतो.

पेठेतला

शाहू स्टेडियमला या एकदा. पेठ विरुद्ध पेठ, तालीम विरुद्ध तालीम. तिथं खुर्च्या मांडून काय होनार न्हाई.

कोपरा किक

आलं कोल्हापूर. आता मिसळ काढणार.

पेठेतला

तुमच्या मिसळीत पापड असतोय, आमी काय बोलायचं.

चहा दोन कटिंग

पापडाला काही बोलायचं नाही ना भो.

गोदाकाठचा

मोठ्यांच्या सामन्याचं गणित वेगळं. तिथे समर्थकांचे दोन गट, दोन वेगळी गेटं आणि सुटण्याच्या वेळा वेगळ्या लागतात. कोलकात्यात १६ ऑगस्ट १९८० ला ईडन गार्डन्सवर मोहन बागान-ईस्ट बंगाल सामन्यात १६ प्रेक्षकांचा जीव गेला. लहान मूल घेऊन मोठ्या सामन्याला जाणार असाल तर गेटजवळची, पायऱ्यांच्या कडेची जागा धरा आणि शेवटची पाच मिनिटं सोडून निघा. शिव्याही शेवटच्या पाच मिनिटांतच पिकतात.

ढोलाची दोरी

पोरांच्या मॅचला ढोल आणणाऱ्यांना सांगा जरा. नाशिक ढोल आपला अभिमान वगैरे ठीक, पण टोल पडला की रेफ्रीची शिट्टी ऐकू येत नाही. पोरं खेळतच राहतात आणि शिट्टीनंतरचा टॅकल पायावर बसतो. एकच ढोल, ताशा नाही, गोल झाल्यावर आणि हाफटाइमला. वादक मधल्या रेषेपाशी, पेनल्टी बॉक्सजवळ नाही. शाळा-हॉस्पिटलपासून १०० मीटरच्या आत शांतता क्षेत्र असू शकतं, शहरातली बरीच मैदानं तेवढ्या अंतरात येतात.

शिट्ट्या मात्र गेटवरच काढून घ्या. प्रेक्षकाने वाजवलेल्या शिट्टीने पोराने बॉल हातात उचलला तर रेफ्री खेळ थांबवतो आणि ड्रॉप बॉलने, म्हणजे बॉल हातातून खाली सोडून, सुरू करतो. चालू हल्ला गेला. मग ज्याचा गेला त्याचे पालक सुरू.

डावखुरा

पण ढोल असला की शिव्या ऐकू येत नाहीत, हा फायदा नाही का 😀

ढोलाची दोरी

ढोल थांबतो तेव्हा जो वाक्याच्या मधे सापडतो तो सगळ्या मैदानाला ऐकू येतो.

कोर्टाच्या मागे

कायद्याचं थोडक्यात. सार्वजनिक ठिकाणी अश्लील बोलून इतरांना त्रास दिला तर भारतीय न्याय संहिता कलम २९६: ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा १००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. १ जुलै २०२४ च्या आधी हेच भादंवि २९४ होतं. मुलींच्या सामन्यात कपड्यांवरून, शरीरावरून शेरे मारणाऱ्यांनी कलम ७९ वाचावं, तिथे ३ वर्षांपर्यंत आहे. आणि अनुसूचित जाती-जमातीच्या कुणाला जातीवरून बोललं तर ते "मॅचच्या भरात" राहत नाही. १९८९ चा अॅट्रॉसिटी कायदा लागतो, लोकांसमोर जातिवाचक शिवीगाळ हा त्यात स्वतंत्र गुन्हा आहे. आयोजकांनी अशा वेळी मिटवामिटवी करू नये. वेळ, शब्द आणि दोन साक्षीदार लगेच लिहून ठेवा, व्हिडिओ ग्रुपवर फिरवू नका, त्यात लहान मुलं दिसतात.

मधली फळी

कोच म्हणून सांगतो, शिवीच्या आधीची पायरी म्हणजे सूचना. "मार!", "पास दे!", "मागे ये!" एकाच सेकंदाला तीन बाप तीन गोष्टी सांगतात. आठ वर्षांच्या पोराच्या पायाशी बॉल असतो, ते थबकतं, बॉल जातो आणि मग "अरे गाढवा." म्हणून बॉल खेळात असताना सूचना बंद, एवढा एकच नियम ठेवला तरी पुढचं बरंच टळतं. टाळ्या, नाव, "शाब्बास" कितीही.

आदल्या रात्री ग्रुपवर तीनच ओळी टाका. लांब मेसेज कुणी वाचत नाही:
"उद्या ७.३० ला मैदानावर. पालक दोरीमागे, कोचच्या समोरच्या बाजूला. रेफ्रीशी फक्त कोच बोलेल."
यात "कृपया शिव्या देऊ नयेत" लिहू नका. जो देत नाही तो दुखावतो, जो देतो त्याला ते आपल्याबद्दल आहे असं वाटतच नाही.

पोहेवाली

शिव्या बायका देत नाहीत असं गृहीत धरून चाललंय सगळं 🙄 तुर्कस्तानात तसंच धरलं होतं. फेनरबाहचे क्लबच्या प्रेक्षकांनी गोंधळ घातला म्हणून रिकाम्या स्टेडियमची शिक्षा होती, ती बदलून २० सप्टेंबर २०११ ला मनिसास्पोरविरुद्ध फक्त बायका आणि १२ वर्षांखालची मुलं आत सोडली. ४१ हजारांवर आल्या. सामना १-१.

कोपरा किक

आमच्या सोसायटीतल्या काकू तिथे असत्या तर तो सामनापण थांबवावा लागला असता.

पोहेवाली

😂 हाफटाइमला द्राक्षं वाटणाऱ्यांनो, दोरीमागच्या चिल्ल्यापिल्ल्यांना अख्खं द्राक्ष देऊ नका. घशात अडकतं. पाच वर्षांखालच्यांना उभं चिरून. बाप मॅचमध्ये गुंतलेला असतो, मागे काय चाललंय त्याला पत्ता नसतो.

लाल माती

संत्र्याच्या फोडी बऱ्या. बिया काढून.

रात्रपाळी

पडद्यावरच्या मॅचचं कुणी बोललंच नाही. २०२६ चा विश्वचषक अमेरिका-कॅनडा-मेक्सिकोत, म्हणजे आपल्याकडे रात्री उशिरा ते सकाळ. क्लबहाउसमध्ये प्रोजेक्टर लावला तरी रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर स्पीकर चालत नाही, आत दारं बंद करून आवाज हॉलपुरता ठेवा. मुलांना पुढे सतरंजीवर, बोलघेवड्यांना मागे, मधे आजी-आजोबा. आणि एकच फीड. मोबाइलवरचं प्रक्षेपण टीव्हीच्या मागे पडतं, एक जण टीव्हीवर बघून आधीच ओरडला की मोबाइलवाला जी शिवी घालतो ती मॅचबद्दल नसते.

डावखुरा

मधे आजी-आजोबा ही कल्पना भारी. पण पहाटे आजोबांना उठवणार कोण?

रात्रपाळी

आजोबा उठलेलेच असतात. चहा लागतो तेवढा.