एअर रायफलच्या छऱ्यासाठी घरगुती जिलेटिनचा ठोकळा: मऊ का पडतो?

दादरकर_१७७
४.५ मिमीचे तीन छर्रे ताडून बघायचेत: चपट्या तोंडाचा, गोल तोंडाचा आणि पोकळ तोंडाचा. कोण किती खोल जातो, कोण किती फुलतो, एवढंच. क्रॉफर्ड मार्केटातून बेकरीचं सुटं जिलेटिन आणलं, उकळत्या पाण्यात घोटलं, रात्रभर फ्रीजमध्ये ठेवलं. ठोकळा दुधाळ, आत बुडबुडे. वरळीच्या नेमबाजी रेंजवर पोचेपर्यंत कडा लिबलिबीत. एकाच छऱ्याची खोली कधी ९ सेमी, कधी १४. त्यापेक्षा भिजवलेली रद्दी किंवा साबण बरा का?

थंड_डोकं
उकळतं पाणी हीच चूक. जास्त तापलं की जिलेटिनच्या साखळ्या तुटतात आणि ठोकळा कितीही गार केला तरी मऊच राहतो. ४० अंशांच्या वर जाऊ नका.

प्रमाण वजनाने १० टक्के: ५०० ग्रॅम जिलेटिन, साडेचार लिटर पाणी. १५×१५×२२ सेमीचा डबा भरतो. २५० ब्लूमचंच मागा (ब्लूम म्हणजे जिलेटिनच्या घट्टपणाचं माप). दुकानदाराला ब्लूम म्हणजे काय ते माहीत नसेल तर दुसरं दुकान गाठा. चायना ग्रास नको, तो लवचिक नसतो, तडकतो.

पूड फ्रीजमधल्या गार पाण्यात हळूहळू भुरभुरा, हलक्या हाताने हलवा, रवीने घुसळू नका. तुमचे बुडबुडे तिथलेच. दोन तास फुगू द्या. मग टोप गरम पाण्याच्या परातीत ठेवून विरघळवा. दालचिनीच्या तेलाचे चार थेंब टाकले की फेस बसतो, उरलेला पळीने काढा. डब्याला आतून तेलाचा हात फिरवा. एक रात्र पुरत नाही, ४ अंशांवर दीड-दोन दिवस ठेवा. कडा गार लागतात तेव्हाही गाभा कोमट असू शकतो.

क्रोनो_काका
वरच्यात एक भर: तपासल्याशिवाय खोलीचे आकडे कोणाला सांगू नका. ठरलेली कसोटी अशी: ४.५ मिमीचा पोलादी बीबी (गोल गोळी) सेकंदाला १८० मीटर वेगाने मारला तर तो ८.५ सेमी जायला हवा, एक सेमी इकडे-तिकडे चालेल. जास्त गेला तर ठोकळा मऊ, कमी गेला तर कडक. वेग क्रोनोग्राफवरच (छऱ्याचा वेग मोजायचं यंत्र) मोजा, खोक्यावरच्या आकड्यावर भरवसा नको. आणि पोलादी बीबी रायफलिंग (आतले पेचदार आटे) असलेल्या नळीतून मारू नका, आटे झिजतात. पंपाची, गुळगुळीत नळीची बंदूक मिळाली तर उत्तम, पंप कमी-जास्त करून वेग जुळवता येतो.

दादर ते वरळी अंतर फार नाही, पण मुंबईच्या उकाड्यात पंधरा मिनिटंही पुष्कळ. मच्छीवाले वापरतात तशी थर्माकोलची पेटी घ्या, बर्फ पिशवीत बांधून सगळ्या बाजूंनी लावा. कोपऱ्यात थर्मामीटर खुपसून ठेवा. ठोकळा बाहेर काढला की लगेच मारा. दोन छिद्रांत निदान ५ सेमी अंतर, कडेपासूनही तेवढंच.

रद्दीवाला
रद्दी वाईट नाही, फक्त तिला खोली विचारू नका. चोवीस तास बुडवा, निथळू द्या, गठ्ठा सुतळीने आवळून पानांच्या सपाट बाजूवर मारा. जिलेटिनपेक्षा खोली कमी येते आणि आवळण्यागणिक बदलते. पण छर्रा कसा फुलला ते छान दिसतं, कारण पोकळ तोंड उघडतं ते आत शिरलेल्या पाण्याच्या दाबाने. कोरड्या कागदात तेच तोंड लगद्याने बुजतं आणि छर्रा तसाच निघतो.

साबण आणि प्लॅस्टिसिन आकार धरून ठेवतात. जिलेटिनमध्ये जी पोकळी क्षणात मिटते ती त्यांत कायम राहते, म्हणून फोटो दांडगे येतात. बघायला मजा, तुलनेला फसवे.

दादरकर_१७७
म्हणजे खोलीला जिलेटिन, आकाराला रद्दी. ठोकळा पुन्हा वितळवता येतो का?

थंड_डोकं
एक-दोनदा, तोही ४० अंशांच्या आत. मलमलमधून गाळा म्हणजे शिसं निघेल. दर वेळी बीबीने पुन्हा तपासा. फ्रीजमध्येही काही दिवसांत बुरशी धरते, मग फेकाच. आणि तो टोप परत स्वयंपाकाला घेऊ नका.

क्रोनो_काका
सोसायटीच्या गच्चीवर प्रयोग नको. रेंजवरच, मागे लोखंडी ट्रॅप लावून. छर्रा कडेने निसटला तर ठोकळा त्याला अडवत नाही.