चतुर वाऱ्यानं वाहून जातात, की वारा बघून निघतात?

पठारावरचा (सातारा)
चाळकेवाडीला पवनचक्क्यांच्या देखभालीवर आहे, अकरावं वर्ष. पाऊस उघडला की पिवळट चतुर, आमची पोरं हेलिकॉप्टर म्हणतात ते, इथं हजारोंनी येतात. पावसाळाभर पश्चिमेकडं तोंड असलेल्या चक्क्या ऑक्टोबरात पूर्वेकडं वळायला लागतात. मधेच पश्चिमेचं वारं सुटलं की चतुर टॉवरच्या आडोशाला गुडघाभर उंचीवर घिरट्या घालतात, नाहीतर गवताच्या काडीला लोंबकळतात. पूर्वेचं वारं धरलं की तासाभरात आडोसा रिकामा. परवा वर चढून झाकण उघडलं, तर चार-पाच चतुर पंख न हलवता पश्चिमेला सरकत होते. त्यांना वारा कळतो का हो?

कृष्णाकाठ (सांगली)
कळतो, असंच दिसतं. 2006 साली अमेरिकेत दुसऱ्या एका जातीच्या 14 चतुरांना 0.3 ग्रॅमचे ट्रान्समीटर चिकटवून त्यांचा माग काढला. लागोपाठ दोन रात्री गारवा वाढत गेला की ते दक्षिणेला निघायचे, कारण मग उत्तरेचं वारं मिळतं. वारा ताशी 25 किलोमीटरच्या वर गेला की जागचे हलायचे नाहीत.
तुमचा चतुर बहुधा पँटाला फ्लॅवेसेन्स. एखादा मेलेला सापडला तर मागचा पंख बुडाशी बघा, किती रुंद असतो. त्यावरच तो तरंगतो.

पठारावरचा
आत्ताच एक उचलून बघितला. बुडाशी पुढच्या पंखापेक्षा बराच रुंद आहे. पण पुढं तर कोकण उतरलं की समुद्र. मग जातात कुठं?

कृष्णाकाठ
मालदीवला राहणाऱ्या चार्ल्स अँडरसन यांनी 2009 साली यावर लिहिलंय. तिथं ऑक्टोबरपासून लाखो चतुर उतरतात, आणि तेही खालचं वारं उलटं असताना! हजार मीटरच्या वर मात्र वारं भारताकडून वाहतं, ते धरून येतात. तिथून पुढं पूर्व आफ्रिका, असं त्यांचं म्हणणं.

माणदेशी
नोव्हेंबरात वर बघत राहा. अमूर ससाणे त्याच सुमारास समुद्र ओलांडून आफ्रिकेला जातात आणि उडता उडता चतुर खातात.

पठारावरचा
उद्यापासून चक्कीचं तोंड कुठं आणि आडोशाला चतुर किती, हे रोज सकाळी वहीत लिहितो. महिनाभरानं इथंच टाकतो.